‘राखण’ खेळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘राखण’ हा फोनवरचा खेळ खेळणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एखाद्या धाडीत अडकून बसला असाल तर सरळ गव्याच्या प्रश्नावर जा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. पहिल्यांदाच खेळणार असाल तर वरून सुरुवात करा.

हा खेळ आहे तरी काय?

रात्र पडली की रानाला जनावरं लागतात. उजाडेपर्यंत पीक वाचवायचं, एवढाच खेळ. स्क्रीनवर एक शिवार दिसतं. एका अंगाला जंगलाची कड, दुसऱ्या अंगाला तुमचं उभं पीक आणि मधे ओढा, बांध, पाणंद. जनावरं ठरलेल्या वाटांनी टोळ्याटोळ्यांनी येतात. अशा एका टोळीला आम्ही धाड म्हणतो. वाटेच्या कडेला माळा (राखणीला बसायचं उंच मचाण), डबडं (दोरीने वाजवायचा टांगलेला डबा), बुजगावणं, बॅटरीवाला राखणदार अशी ठाणी मांडायची आणि पिकात तोंड घालायच्या आत जनावर माघारी फिरवायचं.

या जातीच्या खेळांना टॉवर डिफेन्स म्हणतात. याची बीजं १९९०च्या ‘रॅम्पार्ट’ या अटारी गेम्सच्या खेळात दिसतात. पुढे ‘वॉरक्राफ्ट थ्री’साठी खेळाडूंनीच बनवलेल्या नकाशांमधून हा प्रकार खरा आकाराला आला. २००७ मध्ये ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ आणि ‘ब्लून्स टॉवर डिफेन्स’ हे खेळ ब्राउझरवर आले आणि २००९च्या ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मुळे जे कधी गेम खेळत नव्हते तेही खेळू लागले. यातल्या बहुतेक खेळांत समोरून येणारा शत्रू संपवायचा असतो. सातारा-सांगलीतल्या पाटण, जावळी, शिराळा या भागांत मात्र माणसं पिढ्यान् पिढ्या रात्र रात्र माळ्यावर बसत आली आहेत. माळ्यावरच्या माणसाला हवं असतं ते एवढंच, की सकाळी रान उभं दिसावं. त्या राखणीचा खेळ आजवर कुणी केला नव्हता असं आम्हाला वाटलं, म्हणून आम्ही केला.

असा खेळ मी कधीच खेळलेलो नाही. सुरुवात कशी करू?

‘माणदेश’ हे पहिलं शिवार निवडा. शाळूचं एकच रान आहे, वाट एक आहे आणि येणारी रानडुकरं आहेत. तुमच्याकडे सुरुवातीला थोड्या पायल्या धान्य असतं, तोच खेळातला पैसा. आधी एक माळा उभा करा. तो कुठे उभा करता यावर अर्धा खेळ ठरतो. नवे खेळाडू माळा पिकाला खेटून बांधतात, कारण तिथे बांधला की जिवाला बरं वाटतं. पण वाट जिथे वळण घेते तिथे बांधला तर जनावर त्याच्या टप्प्यात शिरतं, वळतं आणि पुन्हा त्याच टप्प्यातून जातं. तेवढ्याच पायल्यांत दुप्पट काम होतं.

दुसरी गोष्ट, सगळ्या पायल्या पहिल्याच धाडीत संपवू नका. प्रत्येक धाड परतवली की वाचलेल्या पिकाच्या मानाने पायल्या मिळतात. सुरुवातीच्या दोन-तीन धाडी एका माळ्यावर आणि एका डबड्यावर निभावतात. तेवढ्यात शिल्लक टाकली तर पुढे झटका कुंपण (सौर विजेचा हलका चटका देणारं तारेचं कुंपण) परवडतं.

धास्ती आणि सवय हे दोन पट्टे कसले?

प्रत्येक जनावराच्या डोक्यावर पिवळा पट्टा असतो, ती धास्ती. आवाज, उजेड, वास, कुत्रं अशा प्रत्येक गोष्टीने धास्ती वाढते. पट्टा भरला की जनावर वळतं आणि आल्या वाटेने जंगलात जातं.

प्रत्येक ठाण्याखाली जो राखाडी पट्टा आहे ती सवय. तीच या खेळाची खरी किल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खऱ्या रानात बुजगावणं पहिल्या आठवड्यात काम करतं. नंतर त्याच बुजगावण्याच्या खांद्यावर साळुंकी बसलेली दिसते. रोज त्याच वेळी, त्याच जागी वाजणारं भोंगं, रोज तिथेच लुकलुकणारा दिवा, सगळ्याचं तेच होतं. त्यातून आपल्याला इजा होत नाही हे जनावराला कळतं आणि ते बुजायचं थांबतं. खेळातही तसंच आहे. एक ठाणं एकाच जागी सलग वापरलं तर त्याची सवय वाढत जाते आणि त्याने बसणारी धास्ती घटत जाते. पट्टा पूर्ण भरला की ठाणं असून नसल्यासारखंच.

उपाय दोन आहेत. ठाणं उचलून दुसरीकडे मांडा. दोन धाडींच्या मधल्या वेळात हलवायला काही खर्च येत नाही. किंवा वेगळ्या जातीचं ठाणं शेजारी आणा. आवाजाच्या जोडीला उजेड, उजेडाच्या जोडीला वास असं केलं तर सवय निम्म्या वेगाने चढते. इतर टॉवर डिफेन्स खेळलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं, कारण तिथे एकदा पक्की मांडणी जमली की हात न लावता बघत बसता येतं. इथे मांडणी रोज मोडायची असते.

जनावरं मरत का नाहीत? बंदूक का नाही?

हा प्रश्न काही जण रागाने विचारतात आणि त्यांचा राग आम्हाला समजतो. एका रात्रीत भुईमुगाचं रान नांगरल्यासारखं उलटंपालटं झालेलं ज्याने पाहिलं आहे, त्याला ‘जनावरांवर दया करा’ हे शहरातून आलेलं वाक्य झोंबतं.

तरीही बंदूक ठेवली नाही. गवा आणि मोर हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना मारणं गुन्हा आहे. पण आमचं कारण कायद्यापुरतं नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कास, कोयना आणि चांदोली आहेत. ही जंगलं आपल्या उशाशी आहेत आणि राहणार आहेत. त्यांच्या कडेला शेती करणाऱ्याने आजची टोळी मारली तरी पुढच्या हंगामात दुसरी येणारच. त्यामुळे जनावर न मारता रान राखायचं कसं, हाच खरा अवघड प्रश्न आहे. अवघड आहे म्हणूनच त्याचा चांगला खेळ होतो.

कोणकोणती जनावरं आहेत आणि कोण कशाला भितं?

रानडुक्कर सगळ्यात जास्त भेटेल. त्याची नजर अधू आणि नाक तिखट. म्हणून बॅटरीचा झोत त्याला फारसा लागत नाही, पण वासाची ठाणी लागतात. ‘केसांची कड’ हे ठाणं बघून पुष्कळ लोक चकित होतात. ही रीत गावोगाव आहे: सलूनमधले कापलेले केस पोत्यात भरून आणायचे आणि बांधाच्या कडेने पसरायचे. डुक्कर हुंगत येतं, नाकात केस जातात आणि ते फुरफुरत मागे सरतं. खेळात याची किंमत सगळ्यात कमी आहे. पाऊस पडला की मात्र ही कड वाहून जाते. पावसाळी शिवारात ती मांडूच नका.

वानर आणि माकड ही दोन वेगळी पात्रं आहेत. वानर काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. माकड बारकं, तांबूस तोंडाचं. दोन्ही दिवसा येतात, झाडांवरून येतात आणि त्यामुळे चर, कुंपण असल्या जमिनीवरच्या अडथळ्यांना जुमानत नाहीत. वानरांच्या टोळीत पुढारी हुप्प्या असतो. त्याची धास्ती भरली की अख्खी टोळी फिरते. ठाण्याचा नेम ‘मोठा’ यावर लावा, नाहीतर गोफणीचे दगड पिल्लांच्या मागे वाया जातात. माकडांना असा एक पुढारी नाही, आणि त्यांची सवय सगळ्यांत झपाट्याने चढते. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीच्या शिवारात ती भेटली की तुम्हाला दर धाडीला काहीतरी बदलावं लागेल.

साळिंदर रात्री येतं, एकटंदुकटं येतं आणि कुंपणाखालून उकरून आत शिरतं. ते काटे फेकून मारतं ही समजूत खोटी आहे, म्हणून खेळात ते काटे फेकत नाही. पण कुत्रं अंगावर गेलं तर काटे रुततात आणि पुढच्या धाडीला ते कुत्रं बसून राहतं. साळिंदर दिसलं की कुत्र्याला आधी माघारी बोलवा.

मोर-लांडोर भल्या सकाळी आणि तिन्हीसांजेला पेरलेला दाणा टिपतात. भेकर लाजरं आहे, नुसत्या बॅटरीने जातं. कोल्हा मक्याच्या रानात येतो, त्याला एक कुत्रं पुरे.

गवा कशानेच थांबत नाही. काय करू?

पाटणच्या शिवारात पहिला गवा आला की लोक जे आहे ते सगळं त्याच्यावर सोडतात. चार डबडी, दोन माळे, कुत्री, फटाके. पिवळा पट्टा भरतो, लाल होतो, आणि गवा माघारी न फिरता सरळ रानातून आडवा निघून जातो. निम्मं भात आडवं होतं.

हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. मोठा बैल गवा हजार किलोच्या घरात जातो. तरी तो मुळात भांडखोर नाही, माणसाची चाहूल लागली की बहुधा बाजूलाच होतो. पण चहूबाजूंनी आरडाओरडा झाला आणि निघायची वाट दिसली नाही की तो बिथरतो. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता. त्याच्यामागे माणसांची झुंबड धावली आणि शेवटी तो मेला. सांगलीच्या मार्केट यार्डापर्यंतही गवा आलेला आहे. जिथे जिथे गर्दी झाली तिथे प्रकरण हाताबाहेर गेलं.

म्हणून नियम असा: गव्यावर एका वेळी दोनपेक्षा जास्त ठाणी चालू असली तर धास्तीचा पट्टा लाल होतो आणि तो बिथरतो. दोन किंवा कमी असली तर पट्टा सावकाश भरतो, पिवळाच राहतो आणि तो वळतो. शिवाय त्याच्या पाठीमागची वाट अंधारी आणि मोकळी पाहिजे. जंगलाच्या कडेला बॅटरीवाला बसवला असेल तर गवा येणार कुठून आणि जाणार कुठे? तिथला उजेड काढा.

पाटणमध्ये हमखास चालणारी मांडणी सांगतो. ओढ्याच्या पहिल्या वळणावर झटका कुंपणाचा एकच पट्टा टाका. तिथून पुढे बरंच अंतर मोकळं सोडा. दुसऱ्या वळणावर एक डबडं आणि एक माळा, बाकी सगळं गवा येताना बंद. ठाण्यावर बोट दाबून धरलं की ते गप्प बसतं. कळप असेल तर पुढच्या गायीवर नेम ठेवा, ती फिरली की वासरं आणि बाकीचे फिरतात. एकटा बैल असेल तर घाई करू नका. तो उभा राहून बघत राहील, फुत्कारेल, पुन्हा दोन पावलं पुढे येईल. त्या वेळी तिसरं ठाणं चालू करायचा मोह होतो, तेवढा आवरा.

झटका कुंपण आहे, मग लाइटची तार सोडायची सोय का नाही?

नाही, आणि कधीच येणार नाही. सौर झटका कुंपणात दाब जास्त असला तरी प्रवाह क्षणभराच्या ठोक्याने येतो, साधारण सेकंदाला एक. जनावराला चटका बसतो, ते दचकून मागे होतं आणि जिवंत राहतं. घरच्या किंवा मोटारीच्या लाइनवरून थेट तारेत सोडलेली वीज सलग वाहते, चिकटलेल्याला सोडत नाही. त्यात डुकरं मरतात, गुरं मरतात, पहाटे पाणी पाजायला निघालेली माणसं मरतात. अशा तारेवर शेजारच्या रानातला माणूस गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हंगामात येतात. ही सोय मागणाऱ्यांनी खेळापुरतीसुद्धा मागू नये अशी विनंती आहे.

खेळातल्या झटका कुंपणाला गवत लागलं की ते उतरतं. तारेखालचं गवत दर तीन धाडींना काढावं लागतं. खऱ्या कुंपणाचंही तेच आहे. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, आणि लोक म्हणतात मशीन खराब.

बिबट्या आला की स्क्रीनवर ‘थांबा’ येतं. का?

बिबट्या पीक खायला येत नाही. उसाचा फड त्याला लपायला मिळतो, डुकरं आणि कुत्री खायला मिळतात. कराड, शिराळा भागात मादी उसात पिल्लं घालते आणि तोडणीच्या वेळी बछडी सापडतात. त्यामुळे खेळात बिबट्या शत्रूही नाही आणि मदतनीसही नाही. तो आला की सगळी ठाणी गप्प होतात, कुत्री माळ्याखाली जातात आणि तो निघून जाईपर्यंत तुम्ही काही मांडू शकत नाही. त्या वेळात आलेली डुकरं बहुतेक वेळा आपोआप पळतात.

उसाच्या शिवारात शेवटी तोडणी असते. तिथे एखाद्या सरीत बछडी दिसली तर ती सरी सोडा, बाकी फड तोडा आणि एक रात्र जाऊ द्या. मादी येऊन पिल्लं उचलून नेते. वनखातंही बछडी सापडल्यावर तेच करतं, पिल्लं होती तिथेच ठेवून आईची वाट बघतं. सरी तोडलीत तर त्या शिवाराचं सोनेरी कणीस मिळत नाही. पायल्या कापत नाही, पण कणीस मिळत नाही.

हत्ती का नाही?

सातारा-सांगलीत रानटी हत्तींचा मुक्काम नाही म्हणून. ते कर्नाटकातून सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आणि कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड-आजऱ्याकडे येतात. त्या बाजूचं शिवार कधी केलं तर हत्ती येईल.

पाखरांना माळा दिसतच नाही का?

तासगावच्या द्राक्षबागेत आणि माणदेशाच्या हुरड्यात पाखरं येतात. ती वाटेने येत नाहीत, थेट येतात. हिवाळ्यात परमुलखातून येणाऱ्या भोरड्यांचा थवा शाळूवर उतरला की सगळ्या रानाचा रंग बदलतो. जमिनीवरचं कुठलंही ठाणं त्यांच्या कामाचं नाही. गोफण, पत्र्याचं ताट बडवणारा वाऱ्याचा पंखा आणि बागेवर जाळी या तीनच गोष्टी चालतात. जाळी महाग आहे, पण द्राक्षाला रात्री वटवाघळंही लागतात आणि तिथे जाळीशिवाय इलाज नाही. वाऱ्याचा पंखा फुकट चालतो, वारा पडला की गप्प. धाड सुरू व्हायच्या आधी वरच्या कोपऱ्यातली वाऱ्याची खूण बघायची सवय लावा.

खेळातले आवाज खरे आहेत का?

हो, सगळे शिवारातच टिपलेले आहेत. लोकांना सगळ्यात आवडतो तो डबड्याचा आवाज, म्हणून तो कसा केला ते सांगतो. माळ्यापासून लांब एका खांबाला तेलाचा रिकामा डबा उलटा टांगलेला असतो. डब्यात लोखंडाचा एक तुकडा सुतळीने लोंबकळतो आणि त्या तुकड्याला बांधलेली दोरी पिकावरून माळ्यापर्यंत येते. राखणदार घोंगडीत पडल्या पडल्या दोरीला हिसका देतो. ज्या आबांच्या माळ्यावर आम्ही आवाज टिपला, त्यांनी दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं होतं. डोळा लागला तरी पाय हलला की डबा वाजायचा. त्यांचं म्हणणं असं की एकसारखा वाजवला तर डुकरं ओळखतात, झोपेत वाजतो तो आवाज वेडावाकडा असतो म्हणून चालतो. खेळातल्या डबड्याचा ठेका एकसारखा नाही त्याचं कारण हे आहे. काही जणांनी तो बिघाड समजून कळवला होता. बिघाड नाही.

गोफणीचा कडाका कानाला जवळून टिपला आहे. हेडफोन लावून खेळत असाल तर आवाज थोडा कमी ठेवा.

पायल्या संपल्या आणि धाड समोर आहे. आता?

ठाणं मोडा. मोडल्यावर तीन चतुर्थांश किंमत परत मिळते, धाडीच्या मध्यात मोडलं तर निम्मी. सवय चढलेलं ठाणं मोडून त्याच पैशात दुसऱ्या जातीचं आणलं तर बहुतेक वेळा फायदाच होतो. आणखी एक, जुन्या साड्या विसरू नका. रानाभोवती साड्या बांधायला पायली लागत नाही, प्रत्येक शिवारात एकदाच मिळतात आणि रानडुकरं त्यापाशी काही क्षण थबकतात. तेवढ्यात माळ्याचे दोन दगड जास्त बसतात.

कणसं गेली की पुन्हा पहिल्यापासून का?

प्रत्येक शिवाराला वीस कणसं असतात. जनावर पिकात शिरलं की कणसं जातात, डुक्कर दोन, गवा पाच, पाखरांचा थवा एक. सगळी गेली की ती रात्र हरली. पण शिवार पहिल्यापासून खेळावं लागत नाही, त्या रात्रीच्या सुरुवातीला परत जाता येतं.

सावड म्हणजे दोघांनी खेळायचं ना? कसं जमतं?

दोन शेजारच्या बांधांवर दोन खेळाडू असतात. एकाच्या रानातून हुसकलेलं जनावर दुसऱ्याच्या रानात जाऊ शकतं, आणि बहुतेक वेळा जातंच. गावात भांडणं यावरूनच होतात: तू तुझ्याकडचं हाकललंस ते माझ्यात घुसलं. म्हणून सावडीत गुण दोघांचे मिळून मोजले जातात. एकाने शंभर टक्के रान वाचवून दुसऱ्याचं उजाड केलं तर दोघंही हरतात. बोलून खेळा, जनावर कुणाच्या बांधावरून जंगलाकडे काढायचं ते आधी ठरवा. एकाच घरातल्या दोन फोनवर खेळता येतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही, हॉटस्पॉट पुरतो.

रेंज नसताना चालतो का? फोन बदलला तर? मुलांना द्यावा का?

चालतो. खोऱ्यातल्या वाड्यांवर रेंज कशी असते ते माहीत असल्यामुळे पूर्ण खेळ ऑफलाइनच केला आहे. जुन्या फोनवर पाऊस आणि सावल्या बंद केल्या तर तापत नाही. फोन बदलताना मेन्यूतून ‘गाठोडं’ ही फाइल काढा आणि नव्या फोनवर उघडा. जाहिराती नाहीत. पहिली तीन शिवारं मोफत, बाकीची एकदाच पैसे भरून उघडतात, मधेच पायल्या विकत घ्यायची भानगड नाही. सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं आरामात खेळतात. रक्त नाही, मरण नाही. मुलांना एकच सांगा, खेळात जनावर कितीही गोंडस दिसलं तरी बाहेर गवा किंवा बछडं दिसल्यावर फोटो काढायला जवळ जायचं नाही.

सागरेश्वरच्या शिवारात हरणांना हाकलून गुण कमी होतात. असं का?

सागरेश्वर हे कडेगाव, पलूस आणि वाळव्याच्या मधलं छोटं अभयारण्य आहे, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. माणसांनी झाडं लावून आणि हरणं आणून ते उभं केलं. चारी बाजूंना बागायत. हरणं बाहेर येतात ती शेजारच्या रानात. इथे हरीण जंगलापासून जितकं लांब हाकलाल तितकं ते दुसऱ्या गावच्या रानात जाणार किंवा रस्त्यावर येणार. म्हणून या शिवारात गुण हरीण अभयारण्याच्या कुंपणाआड परत गेलं तरच मिळतात. नेम ‘मागचा’ यावर ठेवा आणि हाकारा बाहेरच्या अंगाने आत करत या. सगळ्या शिवारांत हे आम्हाला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात कमी लोक ते पूर्ण करतात. चिकाटी ठेवा, शेवटची रात्र फार सुंदर आहे.

खेळातल्या युक्त्या खऱ्या रानात चालतील का?

काही चालतील, कारण तिथूनच घेतल्या आहेत. ठाणी बदलत राहणं, दोन जातींचे उपाय एकत्र वापरणं, झटक्याच्या तारेखालचं गवत काढणं, गव्याला निघायची वाट ठेवणं, या चार गोष्टी आम्ही कुणालाही छातीठोक सांगू. पण खेळात एक माणूस रात्रभर जागून पुरतो. खऱ्या राखणीला घरातली माणसं आळीपाळीने जागतात आणि दुसऱ्या दिवशी तेच शेतात राबतात, हे खेळ दाखवू शकत नाही.

नुकसान झालंच तर रान साफ करायची घाई करू नका. ठसे, मोडलेली ताटं, उकरलेल्या जागा यांचे फोटो आधी काढा आणि लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. वन, कृषी आणि महसूल या तिन्ही खात्यांची माणसं मिळून पंचनामा करतात आणि त्यावर भरपाई ठरते. सात-बारा आणि बँक पासबुकाची प्रत हाताशी ठेवा. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे, गवा किंवा बिबट्या वस्तीत आला तर आधी तिथे फोन करा, मग शेजाऱ्यांना सावध करा. सौर कुंपणाला सरकारी योजनेतून अनुदान मिळतं, त्याची चौकशीही त्याच कार्यालयात करा.

आमच्या गावची युक्ती खेळात घ्याल का?

जरूर घेऊ. केसांची कड अशीच खेळणाऱ्या एकाकडून आली. मेन्यूत ‘बांधावरून’ असं पान आहे, तिथे लिहा. पीक कोणतं, जनावर कोणतं, कोणत्या महिन्यात लागतं आणि उपाय किती दिवस टिकला, एवढं लिहाच. किती दिवस टिकला हे लोकांकडून लिहायचं राहून जातं आणि आम्हाला नेमकं तेच हवं असतं, कारण त्यावरून सवयीचा पट्टा किती वेगाने चढवायचा ते ठरतं. विष, फास, गावठी बॉम्ब आणि लाइटची तार सोडून काहीही चालेल. सध्या जतच्या डाळिंबाचं शिवार करतोय, तिकडच्या राखणदारांनी आधी लिहावं.